विमानवाहू जहाजाचा कोणता भाग निघतो आणि कोणता निघत नाही

विदर्भातल्या आर्वी, पुसद किंवा तुमसरच्या आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला समुद्र पाहायचा तर रात्रभराची गाडी धरावी लागते. त्यामुळे नौदलाचं जहाज हा आपला विषयच नाही, असं त्याला वाटतं. पण विमानवाहू जहाज समजायला समुद्राची सवय लागत नाही. शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग, गिअरबॉक्स, वेल्ड आणि वायररोप यांची ओळख लागते, आणि ती या मुलाकडे असते. म्हणून हे लिखाण त्याच्यासाठी आणि त्याच्या मास्तरांसाठी.

असं जहाज चाळीस-पन्नास वर्षं चालवायचं असतं. त्या काळात त्याच्यावरची विमानं बदलतात, रडार बदलतं, पंप तर कितीदा बदलतात याची मोजदादच नसते. त्यामुळे आराखडा काढणाऱ्यासमोर प्रत्येक भागाबद्दल एकच प्रश्न असतो: हा बिघडला तर काढायचा कुठून? काही भाग भर समुद्रात, जहाज चालू असताना बदलता आले पाहिजेत. काही भागांसाठी जहाज सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, घ्यावं लागतं. आणि काही भाग एकदा बसले की जहाज भंगारात जाईपर्यंत तेच राहतात. कोणता भाग कोणत्या गटात टाकायचा, हे ठरलं की निम्मं डिझाइन झालं असं समजा.

न बदलणाऱ्या गोष्टी

आधी आपलं जहाज घेऊ. कोचीच्या गोदीत बांधलेली आयएनएस विक्रांत २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे २६२ मीटर, रुंदी सुमारे ६२ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन ४५,००० टनांच्या आसपास. आत सुमारे २,३०० खोल्या-कप्पे, सोळाशेच्या वर माणसं, तीसेक विमानं आणि हेलिकॉप्टरं. खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये.

यातली कधीच न बदलणारी पहिली गोष्ट म्हणजे पोलाद. २००५ साली कामाला सुरुवात झाली तेव्हा जहाजाला लागणारं खास पोलाद रशियाकडून यायचं होतं, आणि ते वेळेवर मिळेना. तेव्हा हैदराबादची संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळा आणि सेल ही सरकारी पोलाद कंपनी यांनी मिळून डीएमआर २४९ए आणि डीएमआर २४९बी हे दोन दर्जे देशातच तयार केले. पहिला मुख्यतः जहाजाच्या अंगासाठी, दुसरा उड्डाणाच्या डेकसाठी. सेलने या जहाजाला सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवलं. त्यात भिलाईचा वाटा आहे, आणि भिलाई आपल्या गोंदियापासून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. पोलादाला मँगेनीज लागतंच. त्याच्या खाणी तर तुमसरजवळच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्यालाच आहेत. समुद्र लांब असला तरी जहाजाचा कच्चा माल आपल्याच बाजूचा.

साधं पोलाद का चालत नाही? २४९ए चा यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो) सुमारे ३९० मेगापास्कल, म्हणजे बांधकामाच्या साध्या प्लेटपेक्षा बराच वर. पण खरी कसोटी ताकदीची नसते, चिवटपणाची असते. जहाजाजवळ पाण्याखाली स्फोट झाला तर प्लेट वाकली तरी चालेल, काचेसारखी तडकता कामा नये. म्हणून उणे ६० अंशाला थंड केलेल्या नमुन्यावर हातोडा मारून तो किती ऊर्जा गिळतो ते मोजतात. डेकच्या पोलादाला वरून आणखी एक त्रास असतो. विमान तिथे हळुवार टेकत नाही, आदळतं, आणि तेही एकाच पट्ट्यावर, वर्षानुवर्षं.

वेल्डर मुलांनी इथे लक्ष द्यावं. असल्या पोलादात वेल्डचा मुख्य शत्रू हायड्रोजन, आणि हायड्रोजन येतो ओलाव्यातून. इलेक्ट्रोड कमी हायड्रोजनचा बेसिक प्रकारचा घ्यायचा. तो पुड्यातून काढून थेट होल्डरला लावायचा नाही. उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला, साधारण ३०० ते ३५० अंशाला तास-दोन तास भाजायचा आणि मग गरम डब्यातच ठेवायचा. जाड प्लेट असेल तर जोडाजवळचा भाग आधी तापवायचा. यातली एखादी पायरी गाळली तरी वेल्ड वरून सुरेख दिसतो, आणि भेग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून जाते. म्हणूनच अशा जोडांची अल्ट्रासोनिक तपासणी लगेच उरकत नाहीत, ४८ तास थांबून करतात. कोचीच्या पावसाळी हवेत ही शिस्त मोडली तर जहाजाच्या तळात अशी भेग राहून जाईल, जिची जागा पुढे कुणालाच सापडणार नाही.

न बदलणारी दुसरी गोष्ट म्हणजे लिफ्ट. विमानं खालच्या हँगरमधून डेकवर आणायला विक्रांतवर दोन लिफ्ट आहेत, दोन्ही उजव्या बाजूला. लिफ्टची मोटर, दोर, पुल्या सगळं बदलता येतं. लिफ्टसाठी डेकमध्ये ठेवलेली जागा मात्र बदलता येत नाही, कारण तिच्या कडेने जहाजाच्या ताकदीचे मोठे गर्डर गेलेले असतात. म्हणजे आराखड्यावर ते माप ज्या दिवशी लिहिलं जातं, त्या दिवशी पुढच्या चाळीस वर्षांत कोणतं विमान मावेल तेही ठरून जातं. विक्रांतचं माप मिग-२९के हे रशियन विमान डोळ्यांसमोर ठेवून घेतलं आहे, आणि त्या विमानाचे पंख दुमडतात. एप्रिल २०२५ मध्ये भारताने फ्रान्सशी २६ रफाल-एम विमानांचा करार केला. त्यांचे पंख दुमडत नाहीत. निवडीच्या वेळी लिफ्टच्या मापाची इतकी चर्चा का झाली, ते यावरून कळेल.

विमान थांबवणारी तार

आता उलट टोकाचा भाग बघू, जो सतत बदलतच राहावा लागतो.

विक्रांतवरून विमान उडतं ते पुढच्या टोकाला १४ अंश वर उचललेल्या उतारावरून, स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर. अमेरिकेच्या मोठ्या जहाजांवर विमानाला वाफेचं किंवा विजेचं कॅटापल्ट ढकलतं. उडण्याच्या पद्धती अशा वेगळ्या, पण उतरताना दोन्हीकडे तार लागते. डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात, विक्रांतवर तीन. विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एकीत अडकतो.

तार किती ओढ सहन करते याचा हिशोब कागदावर करता येतो. २० टनांचं विमान जहाजाच्या तुलनेत सेकंदाला ६० मीटर वेगाने आलं आणि १०० मीटरमध्ये थांबलं असं धरा. गतिज ऊर्जा भरते ३.६ कोटी जूल. ती १०० मीटरवर वाटली तर सरासरी ओढ ३६० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ३६ टन. थांबायला लागतात सव्वातीन सेकंद. हे सरासरीचे आकडे झाले. सुरुवातीचा झटका यापेक्षा जास्त असतो, आणि पुढच्या विमानासाठी तार लगेच परत ताणून तयार ठेवावी लागते.

दिसते ती फक्त डेकवरची तार. ती दोन्ही टोकांना एका लांब तारेला जोडलेली असते, आणि ही लांब तार पुल्यांवरून डेकखाली जाते. तिथे मोठं हायड्रॉलिक सिलिंडर असतं. तार ओढली गेली की पिस्टन आत जातो आणि द्रव एका व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून रेटला जातो. ऊर्जा जिरते ती तिथे. येणाऱ्या प्रत्येक विमानाच्या वजनाप्रमाणे हा व्हॉल्व्ह आधी लावावा लागतो. हलक्या विमानाला जड विमानाची सेटिंग दिली तर त्याला जोराचा हिसका बसून आकडा किंवा सांगाडा मोडतो. जड विमानाला हलकी सेटिंग दिली तर तार संपते आणि विमान थांबत नाही. वैमानिकही चाकं टेकताक्षणी इंजिन कमी न करता पूर्ण जोर देतो. आकडा चुकला तर परत उडता आलं पाहिजे.

अमेरिकी जहाजांवर डेकवरच्या तारेची जाडी सुमारे ३५ मिलिमीटर असते आणि शंभर-सव्वाशे उतरणींनंतर ती फेकून देतात. तुटलेली नसली तरी. त्याआधीही प्रत्येक उतरणीनंतर माणूस तारेवरून नजर फिरवतो: सुटलेले धागे, चपटा झालेला भाग, पीळ उलगडलेली जागा. डेकवरची तार काही मिनिटांत बदलता येईल अशीच जोडणी केलेली असते. खालची लांब तार जास्त टिकते, पण तिचं टोक तयार करणं हे कसबाचं काम आहे. तार कापायची, टोकाचे सगळे धागे केरसुणीसारखे उलगडायचे, तेलाचा अंशही राहणार नाही इतके धुवायचे, शंकूच्या आकाराच्या पोकळ सॉकेटमध्ये घालायचे आणि वरून वितळलेलं जस्त ओतायचं. थंड झाल्यावर ठरलेल्या भाराने ओढून बघायचं. धाग्यांवर ग्रीस राहिलं तर जस्त चिकटत नाही, आणि सॉकेट भर उतरणीत निसटतं.

इथे काय चुकतं त्याची दोन उदाहरणं नोंदलेली आहेत. १८ मार्च २०१६ रोजी अमेरिकेच्या आयझेनहॉवर जहाजावर हॉकआय हे टेहळणी विमान उतरत असताना तार तुटली. विमान डेकच्या कडेवरून खाली गेलं आणि पाण्याला टेकण्याच्या आत वैमानिकांनी ते सावरलं. तुटलेल्या तारेच्या फटक्याने डेकवरचे आठ जण जखमी झाले. चौकशीत सापडलं ते असं की, त्याआधी डेकखालच्या यंत्राची दुरुस्ती करताना ठरलेल्या पायऱ्या पूर्ण झाल्या नव्हत्या. चूक तळघरातली, फटका डेकवरच्यांना. दुसरं उदाहरण रशियाच्या कुझनेत्सोव्हचं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सीरियाजवळ, तारेची दुरुस्ती चालू असताना वर घिरट्या घालणाऱ्या मिग-२९ चं इंधन संपलं आणि ते समुद्रात पडलं. डिसेंबरच्या सुरुवातीला सुखोई-३३ उतरताना तार तुटली आणि तेही गेलं. दोन्ही वैमानिक वाचले. किमतीच्या मानाने तार ही जहाजावरची किरकोळ वस्तू, पण तिची बदली वेळेवर झाली नाही तर जातं ते विमान.

इंजिन काढायची वाट

विक्रांतला चार एलएम २५०० गॅस टर्बाइन आहेत. एकूण ८८ मेगावॉट, दोन शाफ्ट, कमाल वेग २८ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. हे टर्बाइन मुळात विमानाच्या जेट इंजिनापासून घडवलेलं आहे आणि भारतात ते बंगळुरूच्या एचएएलमधून आलं. त्याची खरी सोय अशी की ते जहाजावर उघडून बसायचं नसतं. बिघडलं की गाभा अख्खाच उपसायचा, दुसरा बसवायचा आणि पहिला कारखान्यात पाठवायचा. पण उपसणार कुठून? वर डेकचे मजलेच्या मजले. इंजिनाला हवा देणारी रुंद नळी वरपर्यंत गेलेली असते, तीच वाट म्हणून वापरतात. नळीत तात्पुरते रूळ बसवतात आणि इंजिन त्यांवरून वर सरकवत बाहेर काढतात. काम काही दिवसांत होतं. अट एकच: आराखडा काढताना त्या वाटेत पुढे कुणी पाइप, केबल ट्रे किंवा भिंत घालणार नाही याची काळजी घेतलेली असावी. जहाजात नंतर सुधारणा करताना ‘इथे जागा मोकळीच आहे’ म्हणून केबल टाकण्याचा मोह होतो. ती जागा मोकळी नसते, इंजिनाच्या येण्याजाण्यासाठी राखलेली असते.

जी यंत्रं अशा नळीतून निघत नाहीत, त्यांच्यासाठी डेकमध्ये बोल्टने बसवलेली प्लेट ठेवतात. ती उघडली की खालची मोटर किंवा पंप सरळ वर ओढता येतो. बरोबर वरच्या बीमला उचलण्याचे कडे वेल्ड केलेले असतात आणि त्यांवर भार लिहिलेला असतो. चांगला आराखडा ओळखायचा तर हे कडे बघावेत.

वाफेवरच्या जहाजांचं तसं नाही. बॉयलर जागेवरच उभा केलेला असतो आणि जागेवरच दुरुस्त होतो. रशियाकडून घेतलेल्या आयएनएस विक्रमादित्य या आपल्या दुसऱ्या विमानवाहू जहाजाला आठ बॉयलर आहेत. २०१२ साली रशियात समुद्री चाचण्यांत पूर्ण जोर दिल्यावर आठपैकी सात बॉयलर निकामी झाले. आतल्या उष्णतारोधनात ॲस्बेस्टॉस नको असं ठरलं होतं, त्याऐवजी वापरलेल्या विटांनी उष्णता पेलली नाही. तब्येतीला घातक म्हणून ॲस्बेस्टॉस काढणं बरोबरच होतं. पण साहित्य बदललं की त्याभोवतीचं सगळं गणित परत मांडावं लागतं, जाडी, सांधे, प्रसरण, सगळं. जहाज आपल्याला मिळालं ते १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, या एका बिघाडापायी जवळजवळ वर्षभर उशिरा.

बॉयलर आणि विमान यांचा संबंध किती जवळचा, ते याच नावाच्या आधीच्या जहाजावरून, जुन्या विक्रांतवरून समजतं. १९७१ च्या युद्धाआधी तिच्या चारपैकी एका बॉयलरच्या ड्रमला भेगा गेल्या होत्या. तिला वेग कमी ठेवावा लागला. आणि विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या दिशेने जोरात चालावं लागतं, कारण डेकवरून वाहणारा वारा विमानाला उचलायला मदत करतो. वेग कमी म्हणजे वारा कमी, वारा कमी म्हणजे विमानाला कमी बॉम्ब, कमी इंधन. अशा अवस्थेत ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले. त्या जहाजाच्या बॉयलर-खोलीत काम करणाऱ्यांचं नाव युद्धाच्या गोष्टींत क्वचित येतं. यायला हवं.

अणुऊर्जेवरच्या अमेरिकी जहाजांना इंधन भरायची गरज पंचवीसेक वर्षांतून एकदाच पडते, पण ती वेळ आली की अणुभट्टीपर्यंत जायला जहाज कापून उघडावं लागतं. जॉर्ज वॉशिंग्टन या जहाजाचं हे काम ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं आणि मे २०२३ मध्ये संपलं.

शाफ्ट, कपलिंग आणि प्रोपेलर

पाण्याखालचा भाग बिघडला की सुक्या गोदीशिवाय गत्यंतर नाही. आणि इथे बिघाड होण्याचं कारण बहुतेक वेळा आपल्या ओळखीचं असतं. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये लाइन शाफ्टचं कपलिंग परत परत तुटत असेल तर जाणता फिटर नवं कपलिंग आणायला धावत नाही, आधी डायल गेज लावून अलाइनमेंट, म्हणजे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघतो. ब्रिटनच्या ६५,००० टनी प्रिन्स ऑफ वेल्स या विमानवाहू जहाजाचं दुखणं याच जातीचं होतं. २७ ऑगस्ट २०२२ रोजी हे जहाज पोर्ट्समथहून अमेरिकेकडे निघालं आणि थोड्याच अंतरावर थांबलं. उजव्या शाफ्टचं, जहाजाबाहेर पाण्यात असलेलं कपलिंग गेलं होतं. शाफ्ट सरळ रेषेत बसलेला नव्हता, असं नंतर त्यांच्या संरक्षण मंत्र्यांनीच सांगितलं. जहाज स्कॉटलंडमध्ये रोसाइथच्या गोदीत गेलं आणि परत यायला जुलै २०२३ उजाडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचीच जोडीदार क्वीन एलिझाबेथ सरावाला निघण्याआधी तिच्या कपलिंगवर गंज सापडला आणि तिच्याऐवजी प्रिन्स ऑफ वेल्सला जावं लागलं.

जहाजाच्या शाफ्टची अलाइनमेंट जिनिंगपेक्षा अवघड आहे, कारण पायाच हलतो. गोदीत ठोकळ्यांवर टेकलेलं जहाज आणि पाण्यात तरंगणारं जहाज यांचा आकार किंचित वेगळा असतो. उन्हात डेक तापला तरी अंग वाकतं. म्हणून मापं पहाटे किंवा रात्री घेतात, आणि जहाज तरंगल्यावर परत घेतात.

सुट्या भागांबाबत सगळ्यांत शिकण्यासारखं प्रकरण फ्रान्सच्या चार्ल्स द गॉलचं. नोव्हेंबर २००० मध्ये चाचणी चालू असताना अटलांटिकमध्ये तिच्या प्रोपेलरचं एक पातं तुटलं. कारण ओतकामातला दोष, धातूत हवेच्या पोकळ्या. राखीव प्रोपेलर होते, पण त्याच कारखान्यात ओतलेले, आणि त्यांतही दोष निघाला. तो कारखाना तोवर बंद पडला होता. शेवटी सेवेतून निघालेल्या जुन्या फॉश आणि क्लेमान्सो जहाजांचे प्रोपेलर बसवले. ते या जहाजासाठी बनलेले नसल्याने वेग २७ नॉटवरून सुमारे २४-२५ वर आला आणि नवे प्रोपेलर मिळेपर्यंत वर्षानुवर्षं तसाच राहिला. राखीव भाग त्याच साच्यातला, त्याच घाण्यातला असेल तर मूळ भागाचा रोगही त्याच्यात असतो. त्यामुळे राखीव प्रोपेलर गोदामात ठेवण्याआधी त्याचं रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासोनिक मूळ प्रोपेलरइतकंच कसून करावं लागतं. शक्य असेल तर ओतकाम वेगळ्या वेळी करून घ्यावं.

गोदी हीसुद्धा एक प्रकारे जहाजाचा सुटा भागच. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी मुर्मान्स्कजवळ कुझनेत्सोव्हला पोटात घेतलेली पीडी-५० ही तरंगती गोदी पंपांची वीज गेल्यामुळे बुडाली आणि तिची क्रेन जहाजाच्या डेकवर कोसळली. तेवढी मोठी दुसरी तरंगती गोदी तिथे नव्हती. आपल्याकडे मुंबईच्या नौदल गोदीत २८१ मीटर लांबीची सुकी गोदी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. कोचीत ३१० मीटरची नवी गोदी जानेवारी २०२४ मध्ये. विक्रांत आणि विक्रमादित्य दोघींसाठी यांचं मोल फार आहे.

किती भाग ठेवायचे

नौदलात सुट्या भागांचे ढोबळ दोन साठे असतात. जहाजावरच राहणारा साठा म्हणजे ऑनबोर्ड स्पेअर: सील, गॅस्केट, फिल्टर, बेअरिंग, फ्यूज, इलेक्ट्रॉनिक कार्ड, छोटे पंप. किनाऱ्यावरचा साठा म्हणजे बेस अँड डेपो स्पेअर, बोलीत ‘बी अँड डी’. यात शाफ्ट, गिअरबॉक्सचे गिअर, जनरेटरचे रोटर, राखीव इंजिन असे वजनदार भाग येतात. जहाजावर छोटं वर्कशॉपही असतं, लेथ, ड्रिल, वेल्डिंग. बुश किंवा स्पिंडल तिथेच वळून काढतात.

किती ठेवायचे याचं गणित सोपं आहे. समजा जहाजावर एकाच जातीचे २४ पंप आहेत. प्रत्येक पंप वर्षाला ३,००० तास चालतो आणि त्याचं सील सरासरी ४,००० तास टिकतं. वर्षाला लागणारी सीलं झाली २४ गुणिले ३,००० भागिले ४,०००, म्हणजे १८. ऑर्डर दिल्यापासून माल हातात यायला दीड वर्ष लागत असेल तर त्या काळात २७ लागतील. पण बिघाड सरासरीप्रमाणे शिस्तीत येत नाहीत. म्हणून २७ चं वर्गमूळ, साधारण ५, त्याच्या दुप्पट १० वर धरायचे. ३७ सीलं हाताशी असली म्हणजे काम अडण्याची भीती फारशी राहत नाही. आता परदेशी पुरवठादाराने मुदत दीडवरून तीन वर्षं केली तर आकडा थेट ६८ च्या आसपास जातो. देशात भाग बनवण्याचा आग्रह अभिमानापोटी धरला जातो तसाच या मुदतीपोटीही धरला जातो. माल सहा महिन्यांत मिळाला तर ९ अधिक ६, म्हणजे १५ वर भागतं.

मोठ्या भागांना हे गणित लागू पडत नाही. प्रोपेलर चाळीस वर्षांत एकदा तुटेल किंवा तुटणारही नाही. पण तुटला तर नवा ओतायला कारखाना उरलेला असेल का, हा प्रश्न. म्हणून असे भाग जहाजाबरोबरच करून ठेवतात, साचे मोडण्याआधी.

साठवतानाही वस्तू खराब होते. रबरी सीलं नुसती पडून कडक होतात, म्हणून पाकिटावर तारीख असते आणि जुनी आधी वापरायची असतात. राखीव मोटरचा रोटर ठरावीक दिवसांनी हाताने फिरवावा लागतो, नाहीतर बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी रुतून खाचा पडतात. लांब शाफ्ट दोनच टोकांवर टेकवून ठेवला तर मधे झोळ येतो.

आणि सुरुवातीपासून भागच कच्चा असेल तर साठा कितीही असो, पुरत नाही. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या कॅगच्या २०१६ च्या अहवालात मिग-२९के बद्दल लिहिलं आहे की घेतलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. डेकवर उतरण्याच्या धक्क्याने विमानातली उपकरणं बिघडतात, हेही त्यात नोंदलेलं आहे.

हिंगणा, बुटीबोरी आणि तालुक्याच्या वर्कशॉपसाठी

जहाजाचे बहुतेक भाग राक्षसी नसतात. फ्लँज, बुश, स्पिंडल, इंपेलर, ब्रॅकेट, केबल ग्लँड, नट-बोल्ट. चांगला लेथ आणि मिलिंग असलेलं वर्कशॉप ते करू शकतं. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने सुरू केलेल्या सृजन पोर्टलवर, आयात होणाऱ्या आणि देशात बनवून हव्या असलेल्या वस्तूंच्या याद्या असतात. तिथे आधी बघावं.

अडचण येते ती धातू निवडताना. समुद्राच्या पाण्याच्या पाइपला ९०-१० क्युप्रोनिकेल, पंपाला आणि व्हॉल्व्हला गनमेटल किंवा निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ. साधं पितळ दिलं तर त्यातलं जस्त निघून जातं आणि भाग ठिसूळ तांब्यासारखा उरतो. ३०४ स्टेनलेस घरच्या टाकीला उत्तम, पण खाऱ्या पाण्यात त्याला टाचणीएवढी भोकं पडतात. ३१६ बरं, तरी साचलेल्या पाण्यात आणि गॅस्केटखाली तेही खातं. गनमेटलच्या फ्लँजला साधा लोखंडी बोल्ट लावला तर दोन धातूंमधल्या विजेमुळे बोल्ट झपाट्याने संपतो. आणि साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, शक्यतो टाळतात, कारण स्फोटाच्या धक्क्याने ते तडकतं.

दुसरी अडचण कागदाची. धातू कुठून आला, त्याचा हीट नंबर (कोणत्या ओतणीतला ते सांगणारा क्रमांक) काय, मिलचं प्रमाणपत्र कोणतं, कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर तो नंबर परत पंच केला का, हे सगळं निरीक्षक मागतो. बार अर्धा कापला आणि नंबर भंगारात गेलेल्या टोकावर राहिला, की उरलेला बार त्याच्या लेखी अनोळखी. मापं मायक्रॉनपर्यंत बरोबर असली तरी माल परत येतो. तेव्हा बार कापण्याआधीच दोन्ही बाजूंवर नंबर पंच करावा, निरीक्षकासमोर करावा, आणि त्याचा फोटो कामाच्या फाइलला लावावा. पहिला नग पूर्ण मापं लिहून मंजूर करून घ्यावा, आणि मगच उरलेले वळायला घ्यावेत.